पाणलोटाच्या कामांआधी पाणलोटाचा अभ्यास हवा, आणि त्यासाठी वेगळी तरतूद हवी

प्रति,
मा. संपादक,
सादर नमस्कार.

महोदय,

दर वर्षी मार्च ते मे या काळात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर जलसंधारणाच्या कामांच्या बातम्या येतात. एका गावात नाला खोलीकरणाला मंजुरी मिळालेली असते, दुसऱ्या गावात सिमेंट नालाबांधाचे भूमिपूजन झालेले असते, तिसऱ्या ठिकाणी पाझर तलावातला गाळ काढायला सुरुवात झालेली असते. खानदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला या बातम्यांनी बरे वाटते, मलाही वाटते. मात्र ते काम त्याच जागी का घेतले, त्या नाल्यातून पावसाळ्यात किती पाणी वाहते, खाली मुरूम आहे की पाषाण, आणि काम झाल्यावर कोणाच्या विहिरीला पाणी वाढेल असा अंदाज होता, याचा उल्लेख मला त्या बातम्यांत कधी आढळलेला नाही. यात वार्ताहरांचा दोष नाही. बहुतेक वेळा ही माहिती मूळ आराखड्यातच नसते आणि ती गोळा करण्यासाठी आराखड्यात पैसेही ठेवलेले नसतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी शिंदखेडा तालुक्यातील शेतकरी असून माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो आहे. आमचा तालुका पर्जन्यछायेतला आहे. माझ्या शेताच्या मधोमध काळ्या दगडांची एक बुटकी धार पूर्व-पश्चिम गेलेली आहे. लहानपणी आम्ही तिच्यावर बसून भाकरी खात असू. पुढे शिकताना कळले की ती डाइक आहे, म्हणजे जुन्या लाव्हाच्या थरांना पडलेल्या उभ्या भेगेत नंतर शिरून थिजलेला, भिंतीसारखा उभा राहिलेला खडक. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत अशा डाइकांचे दाट जाळे आहे आणि भूशास्त्राच्या अभ्यासकांना ते चांगले परिचित आहे. जमिनीखालून उताराकडे सरकणाऱ्या पाण्याला ही भिंत कधी अडवते, तर ती भेगाळलेली असेल तर कधी वाट करून देते. कोणती भिंत काय करते, हे पाहणी केल्यावाचून सांगता येत नाही.

माझी विहीर या धारेच्या दक्षिणेला आहे आणि चुलत भावाची उत्तरेला. दोन्ही विहिरींत अंतर फार तर शंभर पावलांचे असेल. आमच्याकडचा उतार तापीच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे आहे. दक्षिणेकडून येणारे पाणी धारेला अडून माझ्या बाजूला तुंबते आणि चैत्र लागेपर्यंत माझ्या विहिरीत पंपाचा फुटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) बुडेल इतके पाणी असते. भावाची विहीर मात्र पौषातच तळ दाखवते. दोघांनी मिळून त्याच्या विहिरीत आडवे बोअर मारून पाहिले, आणखी दोन परस खोदूनही पाहिले, उपयोग झाला नाही. विहीर खोदायला आलेला एक म्हातारा गडी तेव्हा अहिराणीत म्हणाला होता, ‘पानी कथं जास, हाई पहिले देख.’ म्हणजे पाणी कुठे जाते, हे आधी बघ. मला वाटते, पाणलोट नियोजनाचा पहिला नियम याहून वेगळा नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या नाल्यावर सिमेंटचा बांध झाला. तो धारेच्या दक्षिणेला, अगदी तिला लागून बांधला गेला, कारण तिथपर्यंत यंत्र जायला रस्ता होता आणि त्या बाजूच्या शेतकऱ्याची संमती मिळाली होती. आता स्थिती अशी आहे की भाद्रपदापर्यंत त्या भागातील जमीन आधीच पाण्याने भरलेली असते. बांधात साठलेल्या पाण्याला मुरायला जागा उरत नाही. दोन महिने ते पाणी डोळ्यांना सुखावते आणि मग उन्हाने वाफ होऊन निघून जाते. ज्यांच्या विहिरी कोरड्या आहेत ते सगळे धारेच्या उत्तरेला आहेत. तोच बांध दोनशे पावले खाली घेतला असता तर कदाचित त्यांना दोन महिने अधिक पाणी मिळाले असते. मी ‘कदाचित’ म्हणतो, कारण मीही मोजणी केलेली नाही. माझ्याकडे फक्त एक वही आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

या कामाचा आराखडा मी ग्रामपंचायतीत बसून वाचला. त्यात आमच्या गावाचे नाव, लोकसंख्या आणि क्षेत्रफळ बरोबर होते, पण नाल्याच्या वर्णनात दुसऱ्याच गावाच्या नाल्याचे नाव तसेच राहून गेले होते. ज्या संस्थेला आराखडा करण्याचे काम दिले होते तिने एका गावाचा मजकूर उचलून दुसऱ्या गावाला लावला होता, हे उघड होते. मी त्या वेळी संतापलो होतो. नंतर आकडे पाहिले तेव्हा संतापाची जागा काळजीने घेतली, कारण ही चूक एका माणसाच्या आळसातून आलेली नाही. तशी चूक व्हावी अशीच पैशांची मांडणी आहे.

केंद्र शासनाने पाणलोट विकासासाठी २००८ साली समान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात सपाट भागासाठी हेक्टरी १२,००० रुपये आणि डोंगराळ व अवघड भागासाठी हेक्टरी १५,००० रुपये खर्च धरला होता. त्या रकमेची जी वाटणी ठरवून दिली होती तिच्यात सविस्तर प्रकल्प अहवालासाठी १ टक्का, संनियंत्रणासाठी १ टक्का आणि मूल्यमापनासाठी १ टक्का होता, तर प्रशासनासाठी १० टक्के होते. म्हणजे ५,००० हेक्टरांच्या प्रकल्पाचे एकूण ६ कोटी रुपये धरले तर डोंगरमाथ्यापासून नदीपर्यंतचे सगळे पाणी, माती, खडक, पिके आणि माणसे समजून घ्यायला ६ लाख रुपये मिळत. एकरी हिशेब केला तर ४८ रुपये पडतात. एवढ्या रकमेत भूशास्त्रज्ञाने नाल्यानाल्याने फिरावे, विहिरींची पातळी एका पूर्ण वर्षात चार वेळा घ्यावी, विद्युत रोधकता पद्धतीने जमिनीखालचा थर तपासावा आणि गावकऱ्यांशी बसून नकाशा तयार करावा, अशी अपेक्षा धरणेच अन्यायाचे आहे. एक मध्यम आकाराचा सिमेंट नालाबांध चुकीच्या जागी गेला तर तेवढी रक्कम एका उन्हाळ्यात वाया जाते. पुढच्या योजनांत हेक्टरी दर वाढले, नावे बदलली, पण अभ्यास हा कामाच्या तुलनेत दुय्यम खर्च समजण्याची सवय कायम राहिली आहे.

खानदेशाच्या बाबतीत ही सवय अधिक महागात पडते, कारण आपला भूभाग एकसारखा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात डोंगरावरून वाहत आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे, ज्याला बझाडा म्हणतात. तिथे पावसाळी नद्या डोंगरातून खाली उतरताच जमिनीत गडप होतात, इतकी ती जमीन पाणी पिते. त्याच्या दक्षिणेला तापीचा गाळाचा प्रदेश आहे. वरची माती काळी व कसदार, खाली मातीचे आणि वाळूचे थर आलटून पालटून, आणि चांगले पाणी कित्येकदा फार खोलवर. तापी ओलांडून आणखी दक्षिणेला आले की बेसाल्टचे, म्हणजे लाव्हापासून झालेल्या काळ्या खडकाचे, राज्य सुरू होते, त्यातही कुठे मांजऱ्या सच्छिद्र दगड, कुठे घट्ट काळा पाषाण, आणि आमच्या पश्चिम भागात डाइकांच्या भिंती. रावेरच्या बझाड्यात जे काम सोन्यासारखे ठरेल, ते साक्रीच्या पाषाणावर निरुपयोगी ठरू शकते. तरीही तिन्ही जिल्ह्यांतल्या आराखड्यांत कामांची यादी जवळजवळ तीच असते: खोलीकरण, नालाबांध, शेततळे, सलग समतल चर.

शिरपूरचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते आणि ते द्यायलाच हवे. सुमारे वीस वर्षांपूर्वी शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधारे घेण्याचे मोठे काम उभे राहिले. त्याच्या मागे सुरेश खानापूरकर हे भूशास्त्रज्ञ होते आणि तालुक्याच्या जमिनीखालचे थर कसे आहेत, वरचा कोणता थर पाणी मुरू देत नाही आणि तो कुठे काढला तर पाणी खाली उतरेल, असा विचार त्या कामाच्या आधी केलेला होता. पुढे राज्यभर ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने जे गेले, त्यात खोदणारे यंत्र गेले, भूशास्त्रज्ञ गेला नाही. ज्या ठिकाणी पाणीधारक थर वरवरचा आहे तिथे नाला अति खोल केला तर काठच्या विहिरींतले पाणी उलट नाल्यात झिरपून जाते, ही भीती जाणकारांनी वेळोवेळी बोलून दाखवली. जलयुक्त शिवार अभियानातील कामे शास्त्रीय पद्धतीने होत नाहीत म्हणून अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतर शासनाला माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. २०२० मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही पाण्याच्या गरजा भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात या अभियानाचा परिणाम अल्प दिसला, असे त्यात नोंदवले आहे. मी या अहवालाकडे कोणत्याही पक्षाच्या बाजूने पाहत नाही. अनेक गावांना त्या कामांचा लाभ झाला आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. पण कोणत्या गावाला झाला, कोणत्या गावाला झाला नाही आणि का, हे ठामपणे सांगता येईल इतक्या मोजण्या आपल्याजवळ नाहीत, हे खरे दुखणे आहे.

आपल्याजवळ मोजणीची व्यवस्था अजिबात नाही असे म्हणणेही योग्य होणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा भूजलाच्या मूल्यांकनासाठी राज्याची १,५३१ पाणलोट क्षेत्रे धरते आणि दीर्घकाळाच्या नोंदी असलेल्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा घेते. अलीकडे त्यात आणखी विहिरींची भर पडली आहे. हे काम शिस्तीने चालते आणि त्या यंत्रणेबद्दल मला आदर आहे. परंतु राज्याच्या क्षेत्रफळाला १,५३१ ने भागले तर एक पाणलोट सरासरी २०० चौरस किलोमीटरचा होतो, आणि राज्यातील गावांच्या हिशेबाने जुन्या निरीक्षण विहिरी अकरा गावांमागे एक अशा पडतात. रावेर व यावल तालुक्यांत उपसा पुनर्भरणाहून अधिक आहे, हे सांगायला इतकी मोजणी पुरते. शंभर पावलांवरच्या दोन विहिरींत तीन महिन्यांचा फरक का पडतो, हे सांगायला ती पुरत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही नाही. त्यासाठी गावपातळीवरचा अभ्यास लागतो.

पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याची स्थिती तर याहून बिकट आहे. पांझरेचे पाणी धुळ्याजवळ मोराणे येथे मोजले जाते, तापीवर गिधाडे, सावखेडा अशी केंद्रे आहेत. पण तापीला मिळणारे शेकडो नाले, ज्यांच्यावर आपण कोट्यवधींचे बांध घालतो, त्यांतून एका पावसात किती पाणी जाते याची नोंद कुठेही नाही. अभियंता पावसाची सरासरी आणि क्षेत्रफळ घेऊन कोष्टकातून अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पाणी, काढतो. पाऊसही गावातला नसतो, महसूल मंडळाच्या केंद्रावरचा असतो. गेल्या काही वर्षांत एका शिवारात ढगफुटीसारखा पाऊस आणि शेजारच्या शिवारात धूळ, असे आपण सर्वांनी पाहिले आहे.

एक साधा हिशेब मांडतो. १,००० हेक्टरांचे गाव आणि ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर गावावर वर्षाला ६० लाख घनमीटर पाणी पडते. भूजल मूल्यांकनाच्या रूढ मानकांनुसार विदीर्ण, म्हणजे झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाचे सुमारे ७ टक्के पाणी मुरते असे धरतात, तर सच्छिद्र व सांधे असलेल्या बेसाल्टमध्ये १३ टक्के. पहिला आकडा घेतला तर ४ लाख २० हजार घनमीटर पाणी भूजलात जाते, दुसरा घेतला तर ७ लाख ८० हजार. गाव तेच, पाऊस तोच, आणि फरक ३ लाख ६० हजार घनमीटरांचा. गव्हाला हेक्टरी साडेचार हजार घनमीटर पाणी धरले तर हा फरक ८० हेक्टर गव्हाचा आहे. केळीला हेक्टरी अठरा हजार घनमीटर धरले तर २० हेक्टर केळीचा. आपल्या गावाखालचा दगड कोणत्या जातीचा आहे हे कोणी पाहिलेलेच नसेल, तर गावाचा पाण्याचा ताळेबंद कितीही देखण्या तक्त्यात मांडला तरी तो अंदाजाच्याही पलीकडचा ठरतो. त्यावर विसंबून शेतकरी फळबाग लावतो, बँकेचे कर्ज काढतो आणि तिसऱ्या वर्षी बाग तोडतो.

गावाचा ताळेबंद मांडण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते चांगले आहेत. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जळगाव जिल्हा होता आणि त्यासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत विकसित केली. अटल भूजल योजनेत जळगाव जिल्ह्यातील गावांनी जलसुरक्षा आराखडे केले, शिवारात पर्जन्यमापक आले, गावातली पोरे विहिरींची पातळी मोजायला शिकली. पण अशा योजनांचे आयुष्य प्रकल्पाच्या मुदतीइतकेच असते. मुदत संपली की समन्वयक जातो, नोंदवही कपाटात जाते आणि पर्जन्यमापकात चिमण्या घर करतात. भूजलाचा अभ्यास निदान एक ओले, एक मध्यम आणि एक दुष्काळी वर्ष पाहिल्याशिवाय उपयोगाचा होत नाही, आणि ही तीन वर्षे प्रकल्पाच्या मुदतीत येतीलच असे नाही.

माझी वही याच कारणाने सुरू झाली. निवृत्तीनंतर मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या आणि भावाच्या विहिरीत शेवटी खडू चोळलेली दोरी सोडतो. खडू जिथपर्यंत ओला होतो तिथवर मोजून, काठापासून पाणी किती खाली आहे ते लिहितो. घराच्या गच्चीवर शाळेच्या धर्तीचा साधा पर्जन्यमापक आहे, त्याची नोंद सकाळी साडेआठला. खर्च काहीच नाही. त्या वहीवरून मला एवढे कळले की दक्षिणेकडच्या विहिरीची पातळी पावसाळा संपल्यावर काही आठवडे जवळजवळ हलत नाही, म्हणजे तिथला थर भरलेला असतो, आणि उत्तरेकडची मात्र शेवटच्या पावसापासून रोज उतरत जाते. बांध बांधण्यापूर्वी कोणी मला ही वही मागितली असती तर मी आनंदाने दिली असती. प्रत्येक गावात असा एखादा माणूस असतो. कुणी नदीच्या पुराच्या खुणा भिंतीवर ठेवतो, कुणाला कोणत्या विहिरीला पाझर कुठून आहे ते ठाऊक असते. आराखड्याच्या खर्चात अशा माणसाला शोधून काढण्याइतका वेळसुद्धा धरलेला नसतो.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. पांझरेच्या काठी शेकडो वर्षे चाललेल्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत पाटकरी, जागल्या, हवालदार अशी माणसे नेमलेली असत. पाणी कोणत्या फडाला केव्हा द्यायचे, शेवटच्या टोकाला ते पोहोचते का, पाट कुठे फुटला, हे पाहणे हेच त्यांचे काम होते आणि त्यांचा मोबदला बागायतदार देत. पाण्यावर नजर ठेवण्याचा खर्च हा बंधाऱ्याच्या खर्चाइतकाच आवश्यक मानला होता. बंधारे आजही काही ठिकाणी उभे आहेत, नजर ठेवणारी माणसे गेली. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने आधी माथ्यावरचे जंगल राखले आणि मग खालच्या पाण्याचा विचार केला. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने अभिनंदन केले. पण ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व आराखड्यांत छापले जाते, आणि प्रत्यक्षात काम पायथ्याच्या नाल्यापासून सुरू होते, कारण तिथे यंत्र लवकर पोहोचते.

दुसरी अडचण हद्दींची आहे. पाणी जिल्ह्याची वेस ओळखत नाही आणि निधी वेस ओलांडत नाही. गिरणा नाशिक जिल्ह्यात उगम पावते, साडेअठरा टीएमसी उपयुक्त साठ्याचे तिचे धरणही नांदगाव तालुक्यात आहे, आणि त्या पाण्यावर जगणारी बरीचशी गावे जळगाव जिल्ह्यात आहेत. कळवण, सटाण्याच्या बाजूला जे अडवले जाईल त्याचा परिणाम चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याला भोगावा लागतो. चितळे आयोगाने, म्हणजे राज्याच्या जल व सिंचन आयोगाने, १९९९ मध्येच नदीखोऱ्यांच्या व उपखोऱ्यांच्या हिशेबाने नियोजन करावे असे मांडले होते. आपला निधी मात्र जिल्हा नियोजन समितीतून तालुक्याला आणि तालुक्यातून गावाला येतो. एका नाल्याच्या वरच्या गावात एका योजनेतून आणि खालच्या गावात दुसऱ्या योजनेतून काम होते, आणि दोघांनी तेच पाणी हिशेबात धरलेले असते. गिरणेच्या एका उपखोऱ्याचा जरी एकत्रित अभ्यास नाशिक व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या निधीतून झाला, तरी ही दुबार मोजणी उघडी पडेल.

मोठ्या कामांसाठी अभ्यास लागतो हे शासनाला पटलेले आहे. बझाड्याच्या जमिनीत तापीचे पाणी मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात सामंजस्य करार झाला. तिची कल्पनाच मुळी त्या भूभागाच्या अभ्यासातून निघाली. मग आमच्या गावच्या नाल्यालाही त्याच्या ऐपतीप्रमाणे अभ्यास मिळायला हवा.

माझी मागणी नेमकी आहे. खानदेशातील तिन्ही जिल्हा नियोजन समित्यांनी जलसंधारणाच्या प्रत्येक मंजुरीत एकूण रकमेच्या निदान ४ टक्के अभ्यासासाठी वेगळे ठेवावेत आणि ते कामाकडे वळवता येणार नाहीत अशी अट घालावी. त्यातील निम्मे कामापूर्वीच्या पाहणीला आणि निम्मे काम पूर्ण झाल्यानंतरच्या तीन वर्षांच्या मोजणीला जावेत. पैसे अपुरे पडले तर एक बांध कमी करावा. सुरुवात नावीन्यपूर्ण योजनांच्या तरतुदीतून, प्रत्येक जिल्ह्यात एका पाणलोटापासून करता येईल. पाहणीचे काम जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील भू व पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी आणि तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे भूगोल, भूशास्त्र विभाग भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या मार्गदर्शनाखाली करू शकतील. आज या मुलांचे प्रबंध ग्रंथालयात धूळ खातात. तेच प्रबंध गावच्या नाल्यावर झाले आणि त्यांना प्रवासखर्च व उपकरणे मिळाली, तर मुलेही शिकतील आणि गावालाही नकाशा मिळेल. अहवाल मराठीत असावा, त्याचा सारांश ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा आणि त्यातील सगळ्या नोंदी कोणालाही पाहता याव्यात.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी गावातच ऐकला आहे. लोक टँकरची वाट पाहत असताना अभ्यास कसले करता, आधी पाणी द्या. टँकरमागे हंडे घेऊन धावणाऱ्या बायांसमोर हा युक्तिवाद खोडून काढण्याची माझी हिंमत नाही. पिण्याच्या पाण्याची तातडीची सोय थांबवावी असे मी म्हणतही नाही. पण ज्या गावांत गेल्या वीस वर्षांत तीन-चार योजनांतून बांध झाले, तिथेच पुन्हा टँकर जातो आहे, तर पाचवा बांध त्याच पद्धतीने घेण्याआधी आधीच्या चारांचे काय झाले हे विचारण्याचा हक्क त्या बायांनाच सर्वांत अधिक आहे. पाहणीला एक वर्ष लागते. त्या वर्षात माथ्यावरची चरांची आणि वृक्षलागवडीची कामे, ज्यांना खोल भूशास्त्राची गरज नसते, ती रोजगार हमीतून चालू ठेवता येतात.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी आमच्या गावात ठराव मांडणार आहे, की यापुढे जलसंधारणाचे कोणतेही काम सुचवताना त्या जागेच्या वर आणि खाली प्रत्येकी निदान तीन विहिरींची चार वेळा घेतलेली पातळी जोडल्याशिवाय ग्रामपंचायतीने शिफारस करू नये. पातळी मोजायला शाळेतील नववीची मुले तयार आहेत, दोरी आणि खडू माझ्याकडे आहेत. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशा विहिरींच्या, पावसाच्या किंवा पुराच्या जुन्या नोंदी असतील त्यांनी त्या आपापल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत प्रत काढून द्याव्यात व पोच घ्यावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

कळावे,

आपला नम्र,
एक शेतकरी व निवृत्त शिक्षक
शिंदखेडा तालुका, जि. धुळे